निर्वासित वसाहतीत शेती आणि छोट्या धंद्यांसाठी फिरता निधी : हप्ते, जामीन आणि स्थलांतर यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न – युंबेवासी

नमस्कार. सहकार आणि बचत गट या विषयांवर येथे अनेक जाणकार लिहितात, म्हणून थोडा मोठा प्रश्न विचारण्याचे धाडस करते. मी मूळची सांगोल्याची असून कृषी पदवीनंतर काही वर्षे महिला बचत गटांसोबत काम केले. सध्या युगांडाच्या वायव्य कोपऱ्यातील युंबे जिल्ह्यात, बिडीबिडी या निर्वासित वसाहतीत, एका लहान संस्थेचा शेती आणि पतपुरवठ्याचा कार्यक्रम पाहते.

ज्यांना या भागाची कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. जुलै २०१६ मध्ये जुबा शहरात पुन्हा लढाई पेटली आणि दक्षिण सुदानच्या इक्वेटोरिया भागातून माणसांची रीघ लागली. ऑगस्टमध्ये ही वसाहत उघडली आणि वर्ष संपण्याआधीच इतकी भरली की नव्या लोकांना इतर वसाहतींकडे पाठवावे लागले. येथे तारेचे कुंपण नाही. युगांडाच्या २००६ च्या निर्वासित कायद्याने आणि २०१० च्या नियमांनी निर्वासितांना काम करण्याचा, धंदा करण्याचा आणि देशात फिरण्याचा हक्क दिलेला आहे, त्यामुळे बाजारात दुकान मांडायला कायद्याची आडकाठी नाही. अडचण जमिनीची आहे. कुटुंबाला मिळणारा तुकडा ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम नऊ गुंठे, आणि त्यातच झोपडी, शौचालय, चूल आणि परसबाग बसवायची असते. खरी शेती करायची तर स्थानिक आरिंगा शेतकऱ्यांची जमीन खंडाने किंवा वाट्याने घ्यावी लागते.

आमच्याकडे ६ कोटी शिलिंगांचा, म्हणजे साधारण चौदा लाख रुपयांचा फिरता निधी (फिटलेल्या कर्जाचे पैसे पुन्हा कर्जाऊ द्यायचा) आला आहे. मागणी दोन प्रकारची आहे. एक, तीळ आणि भुईमूग यांच्यासाठी. तीळ येथे दुसऱ्या पावसावर, जुलै-ऑगस्टात पेरतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात काढतात. दोन, बाजारातले छोटे धंदे : मुकेने नावाची सुकी बारीक मासळी, टोमॅटो-कांदा, मंडाझी नावाचे तळलेले गोड वडे, शिवणकाम, सौर पाटीवर मोबाईल चार्ज करून देणे. निधी देणाऱ्यांची अट अशी की सर्व कर्जांची परतफेड दुसऱ्या महिन्यापासून समान मासिक हप्त्यांनी, दहा महिन्यांत व्हावी.

माझे प्रश्न असे आहेत. तिळाच्या कर्जाला मासिक हप्ता लावणे मला पटत नाही, पण हंगामी परतफेडीत वसुली एकदम बुडण्याची भीती असते, तर मधला मार्ग कोणता? कर्ज गटाला द्यावे की व्यक्तीला, आणि जामीन कोणाचा घ्यावा? कर्ज घेतलेली बाई सीमेपलीकडे आपले जुने घर-शेत पाहायला गेली आणि परतलीच नाही, तर तिच्या गटावर तो बोजा टाकणे न्याय्य आहे का? आणि व्याज किती असावे?

उत्तर १ – गटसचिव (निवृत्त)

ताई, मी आयुष्यभर विकास सोसायट्यांचे दप्तर सांभाळले, आफ्रिका पाहिलेली नाही. तरीही तुमच्या पहिल्या प्रश्नावर मला ठामपणे बोलता येईल, कारण पीककर्जाला मासिक हप्ता लावण्याची कल्पना ज्याने मांडली त्याने पीक उभे असताना शेतकऱ्याच्या घरात पैसा कुठून येतो याचा विचार केलेला नाही. तो पैसा एकतर मजुरीतून येतो, म्हणजे ऐन निंदणीच्या वेळी बाई दुसऱ्याच्या शेतावर जाते आणि तिचे स्वतःचे तीळ तणात जातात, किंवा व्यापाऱ्याकडून येतो, आणि मग तो व्यापारी उभे पीकच निम्म्या भावात बोलून ठेवतो. तुमचा हप्ता वेळेवर जमा होतो, वहीत वसुली शंभर टक्के दिसते आणि कर्जदार मात्र कर्ज नसते तर जिथे असती त्याहून खाली जाते.

आपल्याकडे पीककर्जाची परतफेड सुगीनंतर ठरवलेली असते ती याचसाठी. मात्र सगळी रक्कम एकदम हातात देऊ नका. जमिनीचा खंड आणि नांगरट यांसाठी पहिली उचल द्यावी. पेरणी झाल्याचे गटातील दोघींनी शेतावर जाऊन पाहिल्यावर निंदणीसाठी दुसरी द्यावी. उचल दोन भागांत दिली की पेरणी न करताच पैसे संपवण्याचा प्रकार पहिल्या भागातच उघडा पडतो आणि नुकसान निम्म्यावर थांबते. परतफेडही दोन टप्प्यांत ठेवता येईल : मळणीनंतर लगेच मोठा भाग आणि भाव चढण्याची वाट पाहणाऱ्यांसाठी पुढील सहा-आठ आठवड्यांत उरलेला. काढणीच्या आठवड्यात सगळ्या वसाहतीचे तीळ एकदम बाजारात येतात, तेव्हा त्याच आठवड्याची मुदत ठेवणे म्हणजे कर्जदाराला पडत्या भावात विकायला लावणे होय.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा, तिने आपल्या अनेक सोसायट्या पोखरल्या आहेत. ती म्हणजे नवे-जुने. मार्चअखेरीस जुने कर्ज भरल्याचे दाखवायचे आणि त्याच दिवशी, बहुतेक वेळा कुणा सावकाराकडून एका दिवसासाठी आणलेल्या पैशावर, नवे कर्ज उचलायचे. कागदावर थकबाकी नसते आणि प्रत्यक्षात मुद्दल कधीच परत आलेले नसते. दोन कर्जांमध्ये किमान महिन्याभराचे अंतर ठेवण्याचा नियम पहिल्याच सभेच्या ठरावात घालून घ्या.

जामिनाबद्दल : आमच्याकडे सात-बारा होता, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळत असे, आणि तरीही थकबाकी होतीच. तुमच्याकडे यातले काहीच नाही. म्हणून मी दोन जामीनदार घ्या म्हणेन, त्यातला एक स्थानिक शेतकरी असावा.

उत्तर २ – नाकिवाले-म्बरारा

मी युगांडाच्या नैर्ऋत्येला, इसिंगिरो जिल्ह्यातील नाकिवाले वसाहतीत काम केले आहे. ती वसाहत बिडीबिडीपेक्षा फार जुनी, रवांडातून आलेल्या तुत्सी निर्वासितांसाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली. आता तेथे काँगो, बुरुंडी, सोमालिया आणि रवांडा येथील लोक राहतात. उचल आणि परतफेड यांविषयी गटसचिवांनी लिहिलेले सर्व मला मान्य आहे, जामीनदारांविषयीचे मान्य नाही. निर्वासिताला जामीन राहणारा स्थानिक शेतकरी बहुधा तिचा जमीनमालकच निघतो, आणि मग कर्ज थकले की पुढच्या हंगामाची जमीनही जाते. जिच्याकडे आधीच फारसे काही नाही तिची दोन नाती एकाच गाठीत बांधू नयेत.

माझी पहिली सूचना अशी की बाहेरचा पैसा लगेच आत आणू नये. तुमच्या परिसरात पेटीचे गट नक्कीच असतील. १९९१ मध्ये नायजर देशात केअर या संस्थेने सुरू केलेली ही पद्धत आज आफ्रिकेभर पसरली आहे, आणि आपल्या भिशीत कर्जवाटप मिसळले की जे तयार होईल तसेच तिचे रूप आहे. पंधरा ते पंचवीस सभासद, आठवड्याला एक बैठक. प्रत्येकीने एका बैठकीत किमान एक आणि कमाल पाच भाग घ्यायचे. जितके भाग तितके शिक्के तिच्या पासबुकात उमटतात, त्यामुळे लिहिता-वाचता न येणारीलाही आपली शिल्लक बोटाने मोजता येते. लोखंडी पेटीला तीन कुलपे असतात, तीन किल्ल्या तीन वेगळ्या घरांत राहतात आणि पेटी चौथीकडे. बैठक संपताना उरलेली रक्कम दोघीजणी सर्वांसमोर मोजतात आणि आकडा मोठ्याने सांगतात. सगळ्या सभासदांनी तो पाठ करायचा. पुढच्या बैठकीत पेटी उघडण्यापूर्वी तोच आकडा विचारला जातो. चिटणीस कितीही हुशार असली तरी वीस जणींच्या डोक्यात बसलेला आकडा तिला बदलता येत नाही. लेखापरीक्षणाची याहून स्वस्त रीत मी पाहिलेली नाही.

वर्षाच्या शेवटी सगळी बचत आणि व्याज भागांच्या प्रमाणात वाटून टाकतात आणि पेटी रिकामी होते. आपल्या बचत गटांत निधी वर्षानुवर्षे साचत जातो आणि बँकेशी जोडला जातो. नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलेल्या जोडणीचा पायाच तो आहे. निर्वासितांमध्ये मात्र दर वर्षी हिशेब मिटवून टाकणे हाच मोठा गुण ठरतो, कारण पुढच्या वर्षी कोण कुठे असेल हे कोणालाच ठाऊक नसते. ज्यांना जायचे आहे त्या हिशेब पूर्ण करून जातात, ज्या राहतात त्या नवा गट बांधतात. स्थलांतराच्या तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

उरलेले अर्धे असे : कर्जाची मर्यादा बचतीशी बांधा. पेटीच्या गटांत बचतीच्या तिप्पट कर्जाची प्रथा आहे. तुमच्या निधीतून पहिल्या फेरीला बचतीइतकेच कर्ज द्या, दुसरीला दुप्पट, आणि तिप्पट फक्त त्यांना ज्यांनी दोन हंगाम पाहिले आहेत. एखादी परतली नाही तर आधी तिची बचत वळती करून घ्यावी, उरलेल्या रकमेसाठी बुडीत कर्जाचा वेगळा निधी असावा, आणि गटाच्या इतर सभासदांकडून एक शिलिंगही मागू नये. सामूहिक जामिनाची पद्धत बांगलादेशातल्या खेड्यात चालली कारण तेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखत होती. बिडीबिडीत शेजारणी भूखंडवाटपाच्या रांगेने ठरल्या आहेत. त्यांनी एकमेकींचा भार उचलावा ही अपेक्षा संस्थेला सोयीची आहे, एवढेच.

व्याजाबद्दल सावधपणे बोलले पाहिजे. पेटीच्या गटांत दरमहा पाच ते दहा टक्के आकार सर्रास घेतात आणि नव्याने आलेला आपला माणूस ते ऐकून दचकतो. पण हे व्याज पेटीतच राहते आणि वर्षाअखेर त्याच बायकांना परत मिळते, आणि मासळीवाली तो पैसा दर आठवडी बाजाराला फिरवून आणते, त्यामुळे तिला ते झेपते. तिळाचे पैसे मात्र पाच महिने जमिनीत अडकतात. दहा टक्क्यांनी पाच महिने म्हणजे मुद्दलाच्या निम्मे व्याज झाले. असे पीक कोणते आहे जे खंड, नांगरट आणि निंदणी भागवून शिवाय हे देईल? तेव्हा एकच दर दोन्ही कामांना लावू नका. धंद्याची छोटी, महिन्या-दोन महिन्यांची कर्जे पेटीतून जाऊ द्या आणि तुमचा निधी केवळ हंगामी कर्जांसाठी कमी दराने राखून ठेवा. माझ्या मते तुमच्या निधीचा खरा उपयोग हाच आहे, कारण पेटीतला पैसा जेमतेम काही लाख शिलिंग असतो आणि पेरणीच्या महिन्यात सगळ्यांनाच एकदम लागतो.

शेवटची गोष्ट कायद्याची. २०१६ च्या सूक्ष्मवित्त आणि सावकारी कायद्यानंतर युगांडात कर्ज देण्याचा व्यवसाय परवान्याखाली येतो. तुमची संस्था सेवाभावी म्हणून नोंदलेली असेल तर स्वतः सावकार न बनता गटांना निधी द्यावा की परवानाधारक संस्थेमार्फत जावे, हे वकिलाकडून लेखी घ्या. नाकिवालेत उगाफोडे या सूक्ष्मवित्त संस्थेने २०२० मध्ये शाखा उघडली. निर्वासितांना कर्ज देणाऱ्या परवानाधारक संस्था आता तेथे आहेत, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी नव्हती.

उत्तर ३ – अर्जुनी मोरगाव

चर्चा युगांडाची असली तरी आमच्या तालुक्यातच एक उदाहरण आहे, ते येथे उपयोगी पडेल असे वाटते. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. पावसाळ्यात धान, आणि दिवाळीच्या सुमारास लोकरीच्या कपड्यांचे गाठोडे घेऊन शहरांकडे, हे तेथील अनेक कुटुंबांचे वर्ष असते. नागपूर-पुण्यात थंडीत दिसणारे तिबेटी स्वेटर बाजार आपण सर्वांनी पाहिलेले आहेत, पण त्यामागचा पतपुरवठा फार थोड्यांना ठाऊक असतो.

देशभरातील तिबेटी विक्रेते मोठ्या प्रमाणावर माल लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर उचलतात आणि हंगाम संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, हिशेब मिटवतात. या व्यवहारात तारण म्हणून जमीन नसते, असूही शकत नाही, कारण वसाहतीची जमीन कुटुंबाच्या मालकीची नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणातही जमीन भाडेपट्ट्यानेच द्यायची, मालकीने नव्हे, असे आहे. म्हणजे पीककर्जासाठी जो कागद आपला शेतकरी बँकेत सर्वांत आधी ठेवतो तोच कागद त्यांच्यापाशी नाही, आणि तरीही हंगामी धंदा पिढ्यान्‌पिढ्या उधारीवर चालला. तो का चालला? एक तर कर्ज पैशांत नसून मालात होते, त्यामुळे ते दुसरीकडे वळवता येत नव्हते. दुसरे, देणी मिटवण्याची तारीख विक्रीच्या हंगामाशी जुळलेली होती. आणि तिसरे, व्यापाऱ्याला पुढच्या वर्षीही गिऱ्हाईक हवे होते, विक्रेत्याला पुढच्या वर्षीही माल हवा होता. यंदाचे देणे बुडवले तर पुढच्या हिवाळ्याचा दरवाजा बंद होणार हे दोन्ही बाजूंना कळत होते.

यावरून ताईंना सुचवावेसे वाटते की मुकेने मासळी, कांदा, शिवणकामाचे कापड अशा धंद्यांत रोख कर्ज देण्याआधी घाऊक विक्रेत्याशी बोलणी करून माल उधारीवर मिळतो का ते पाहावे आणि आपल्या निधीतून फक्त हमी द्यावी. हमीत गुंतवलेला पैसा बहुतेक वेळा जागचा हलतही नाही.

जमिनीविषयी एक शंका. मालकाने एका हंगामानंतर जमीन काढून घेतली तर काय? आमच्याकडे धानाच्या बांध्या बटईने देतानाही हा प्रश्न येतो. जमीन साफ करणारा एक आणि पिकवणारा दुसरा, असे होते.

युंबेवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अर्जुनी मोरगाव यांची शंका अगदी वर्मावर आहे. येथे नेमके तेच घडते : पडीक रान निर्वासित बाईने झुडपे तोडून, मुळे खणून साफ करायचे आणि पुढच्या वर्षी मालकाने ते स्वतः करायला घ्यायचे. बोली तोंडी असते. म्हणून आता आम्ही असे ठरवत आहोत की ज्या करारात किमान दोन हंगाम लिहिलेले आहेत आणि ज्यावर गावाच्या स्थानिक परिषदेचा अध्यक्ष आणि निर्वासितांच्या कल्याण परिषदेचा प्रतिनिधी या दोघांची साक्ष आहे, त्याच जमिनीसाठी कर्ज द्यायचे. जमीनमालकांनाही गटांत घेण्याचा विचार आहे. युगांडात निर्वासितांसाठीच्या कामाचा साधारण ३० टक्के लाभ यजमान समाजाला द्यावा असा दंडक आहेच. तो वेगळे गट काढून पाळण्यापेक्षा मिश्र गटांतून पाळलेला बरा. काक्वा भाषा बोलणारे लोक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि जुबा अरबी बहुतेकांना समजते, त्यामुळे बैठकीची भाषा ही अडचण मोठी नाही.

नाकिवाले-म्बरारा यांनी बचतीशी कर्ज बांधण्याचे सुचवले ते मी स्वीकारते, पण त्यातून एक प्रश्न उभा राहतो. जागतिक अन्न कार्यक्रमाने युगांडातील निर्वासितांचा शिधा एप्रिल २०२० मध्ये ३० टक्क्यांनी आणि फेब्रुवारी २०२१ पासून ४० टक्क्यांनी कमी केला, आणि २०२३ पासून कुटुंबांची गरजेनुसार वर्गवारी करून काहींना आणखी कमी द्यायला सुरुवात केली. शिधा घटला की जी बाई आठवड्याला चार शिक्के मारून घेत होती ती एकावर येते, म्हणजे जिला कर्जाची गरज अधिक तिची मर्यादाच घटते. दुसरे असे की तिळाच्या नावाने घेतलेली उचल मक्याच्या पिठात जाते. पोर उपाशी असताना तिने बियाणे घ्यावे, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? निधी देणाऱ्यांना हे कसे समजवावे तेही कळत नाही.

उत्तर ४ – नाकिवाले-म्बरारा

खाण्यासाठी कर्ज देऊ नये, हे मी कठोरपणे म्हणतो. उपाशी घराला मदत लागते आणि ती मदत म्हणूनच द्यावी. पेटीच्या गटांत यासाठीच दर बैठकीला थोडी रक्कम वेगळ्या वाटीत जमा करतात. त्या सामाजिक निधीतून आजारपण, बाळंतपण, मयत यांसाठी बिनव्याजी किंवा परत न करण्याच्या अटीवर पैसे मिळतात. तुमच्या निधीतला एक छोटा हिस्सा देणगीदारांच्या संमतीने या वाट्यांत घाला आणि तो परत येणार नाही असे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. मग तिळाची उचल पिठात जाण्याचे प्रमाण घटेल. ते शून्य होणार नाही, आणि जिथे ते शून्य असल्याचे अहवालात लिहिलेले असते तिथे अहवाल लिहिणारा शेतावर गेलेला नसतो.

बचत घटलेल्या बाईची मर्यादा चालू आठवड्यावर न ठरवता तिच्या गेल्या पूर्ण वर्षाच्या शिक्क्यांवर ठरवा. आणखी एक : वाटपाचा महिना. बहुतेक गट नाताळाच्या तोंडावर पेटी फोडतात, कारण सणाला पैसे हवे असतात. फेब्रुवारीत शाळेचे वर्ष सुरू होते तेव्हा फी भरायची असते आणि एप्रिलच्या पावसाला बियाणे हवे असते, पण तोवर पैसे संपलेले असतात. वाटप जानेवारीअखेर नेले तरी फी सुटते आणि थोडे बियाण्यालाही उरते. गटावर हे लादू नका. दोन्ही तारखांचा हिशेब त्यांच्यासमोर खडे मांडून दाखवा आणि त्यांना ठरवू द्या.

उत्तर ५ – हिशेबनीस, पुणे

देणगीदारांना समजवण्याबद्दल लिहितो, कारण तो माझा रोजचा व्यवहार आहे.

समान मासिक हप्त्यांचा आग्रह बहुधा क्रूरपणातून नव्हे तर भीतीतून येतो : पाच महिने काहीच परत आले नाही तर कर्ज चालू आहे की बुडाले हे कळणार कसे? त्या भीतीला आकड्यांनी उत्तर द्या. हंगामी कर्जासाठी हप्त्याऐवजी तपासणीचे टप्पे द्या : जमिनीचा करार झाला, पेरणी झाली, पहिली निंदणी झाली, मळणी झाली. गटसचिवांनी सुचवलेल्या दोन उचलींशी ते आपोआप जुळतात. दर महिन्याच्या पत्रकात किती एकर कोणत्या टप्प्यावर आहेत हे दिले की पैसे जिवंत आहेत याचा पुरावा मिळतो, आणि तो मासिक हप्त्यापेक्षा अधिक खरा असतो, कारण हप्ता उसना आणून भरता येतो, पण शेतात उभे असलेले तीळ उसने आणता येत नाहीत.

थकबाकी मोजताना फक्त चुकलेला हप्ता मोजू नका. ज्या कर्जाची परतफेड तीस दिवसांहून अधिक रखडली आहे त्याचे उरलेले सगळे मुद्दल धोक्यात आहे असे धरा आणि ते एकूण येण्याच्या प्रमाणात दाखवा. पाऊस गेला म्हणून मुदत वाढवून दिलेली कर्जे वेगळ्या रकान्यात ठेवा. ती चालू कर्जांत मिसळली की गटसचिवांनी सांगितलेले नवे-जुने मागच्या दाराने आत येते.

व्याजाचा दर सांगताना सपाट पद्धत टाळा. १,००,००० शिलिंग, दरमहा दोन टक्के सपाट, दहा हप्ते, म्हणजे महिन्याला १२,००० भरायचे. ऐकायला दोन टक्के वाटते, पण मुद्दल दर महिन्याला फिटत असूनही व्याज मूळ रकमेवरच लागत राहते आणि खरा दर साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. कर्जदाराला टक्के सांगूच नका, घेतले किती आणि एकूण द्यायचे किती हे दोन आकडे सांगा. मोबाईलवरून पैसे पाठवणार असाल तर त्याचा खर्चही त्यात धरा, कारण युगांडात मोबाईलवरचे पैसे काढताना कंपनीच्या आकाराशिवाय अर्धा टक्का कर लागतो आणि छोट्या कर्जात तो जाणवतो.

आणि एक कर्जदार, एक कर्ज. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्मवित्त कोसळले तेव्हा एकाच बाईच्या नावावर अनेक संस्थांची कर्जे होती आणि एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून जात होता. ऑक्टोबरमध्ये सरकारने अध्यादेश काढला आणि वसुली जवळजवळ थांबली. बिडीबिडीत तुमच्याशिवाय आणखी कोण कर्ज देते त्याची यादी करा आणि त्यांच्याशी दर महिन्याला नावे ताडून पाहा. नोंदणी क्रमांकावरून हे करणे निर्वासित वसाहतीत आपल्याकडच्यापेक्षा सोपे आहे. कर्जदाराची संमती मात्र अर्जावरच घ्या.

गटसचिव (निवृत्त)

जामीनदाराविषयी नाकिवाले-म्बरारा यांचे म्हणणे मला पटले, माझी सूचना मागे घेतो. एक विसरलेली गोष्ट लिहून थांबतो. तुमच्याच वसाहतीत दुसरी एखादी संस्था त्याच हंगामात तिळाचे बियाणे फुकट वाटत असेल तर तुमची वसुली त्या दिवशीच संपली असे समजा. आपल्याकडे कर्जमाफीची नुसती चर्चा सुरू झाली तरी नियमित भरणारा शेतकरीही हात आखडता घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही. तेव्हा उचल देण्यापूर्वी वसाहतीच्या समन्वय बैठकीत जाऊन कोण काय, कुठे आणि कोणत्या महिन्यात वाटणार आहे ते लिहून घ्या. ज्या भागात फुकट बियाणे येणार आहे तेथे बियाण्याला कर्ज देऊच नका, फक्त निंदणीला द्या. निंदणीची मजुरी फुकट वाटणारी संस्था मी तरी अजून पाहिलेली नाही.

युंबेवासी

समन्वय बैठक पुढील आठवड्यात आहे, तेथे ही यादी मागते. उचल दोन भागांत, कर्ज फक्त दोन हंगामांच्या लेखी करारावर, मर्यादा वर्षभराच्या शिक्क्यांवर, हे निधी देणाऱ्यांना आज कळवत आहे. तपासणीच्या टप्प्यांचा नमुना तक्ता हिशेबनीस यांनी येथे टाकला तर इतरांनाही उपयोग होईल. मळणीचा टप्पा कसा नोंदवावा याविषयीच मला अडचण आहे, कारण तीळ कापल्यावर पेंढ्या उभ्या रचून वाळवतात आणि बोंडे उघडेपर्यंत किती निघणार ते सांगता येत नाही; त्या काळात टप्पा काढणीचा धरावा की मळणीचा?

हिशेबनीस, पुणे

काढणीचा वेगळा टप्पा धरा आणि तेथे वजन न लिहिता पेंढ्यांची संख्या लिहा. मळणीनंतर पोती आणि वजन. एक-दोन हंगामांनंतर पेंढ्यांवरून उत्पन्नाचा अंदाज तुमच्या बायकाच तुम्हाला सांगू लागतील. तक्ता संध्याकाळपर्यंत टाकतो.